पुढे फुगे, मागे वायर

सोलापुरात टपरीसमोर मोटरसायकल स्टँडला लावून चहा पिणाऱ्याला दोन प्रश्नांना तोंड द्यावं लागतं. पहिला, "ॲव्हरेज किती देती बे?" याचं उत्तर पाच-दहा किलोमीटर वाढवून द्यायचं असतं आणि ऐकणाऱ्याने तेवढेच मनात वजा करून घ्यायचे असतात, त्यामुळे कुणाचीच फसवणूक होत नाही. दुसरा प्रश्न जरा थांबून येतो. विचारणाऱ्याची नजर पुढच्या चाकावरून मागच्या चाकावर जाते, परत पुढच्यावर येते आणि मग तो म्हणतो, "पुढं यमारेफ अन् मागं सियाट? असं का बे?" सूर असा, की समोरचा माणूस एका पायात चप्पल आणि एका पायात बूट घालून लग्नाच्या पंगतीला बसलाय. गाडीचा मालकही निमूटपणे आरोपीच्या पिंजऱ्यात जाऊन उभा राहतो. मागचा आत्ताच बदललाय, दुकानात तोच होता, पुढचा संपला की दोन्ही सेम टाकणार आहे, गाडी मेव्हण्याची आहे, असे खुलासे सुरू होतात. यातल्या एकाही खुलाशाची गरज नाही, असं माझं म्हणणं आहे. पुढे एका कंपनीचा आणि मागे दुसऱ्या कंपनीचा टायर असणं हा गुन्हा तर नाहीच, वापरातल्या मोटरसायकलची ती स्वाभाविक अवस्था आहे. गुन्हे दुसरेच घडत असतात. ते टायरच्या अंगावर छापील अक्षरांत लिहिलेले असतात आणि ते वाचायला टपरीवरचा एकही पंच खाली वाकत नाही.

स्वाभाविक अशासाठी, की गाडी शोरूममधून निघते तेव्हा दोन्ही टायर एका वयाचे असतात, पण त्यांच्या वाट्याला येणारा संसार एकसारखा नसतो. पुढच्या चाकाने दिशा दाखवायची आणि ब्रेक लागला की गाडी सावरायची. मागच्या चाकाने इंजिनाची सगळी ओढ जमिनीत उतरवायची आणि वर बसलेल्या बहुतेक वजनाला खांदा द्यायचा. त्यातून सोलापूरची मोटरसायकल ही रजिस्ट्रेशनपुरतीच दुचाकी असते, बाकी ती छोटा टेम्पोच. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून टॉवेलचे गठ्ठे तिच्यावरून निघतात, सुताच्या कोनांची बाचकी निघतात, मार्केट यार्डातून कांद्याची गोणी निघते, आणि संध्याकाळी हे सगळं उतरवल्यावर नवरा, बायको आणि दोन मुलं त्याच जागेवर बसून कंबर तलावाकडे हवा खायला निघतात. हे सारं मागच्या टायरच्या डोक्यावर. तो आधी गोटा होणार यात नवल नाही. तो गोटा होतो तेव्हा पुढच्याचं निम्मं आयुष्य शिल्लक असतं. निम्मा टायर केवळ जोडी जमावी म्हणून टाकून द्यायचा, हे सोलापुरात घडणार नाही. इथे शेंगापोळीचा राहिलेला अर्धा तुकडाही कागदात बांधून घरी नेतात. मग मागचा एकटा बदलायचा ठरतो. दुकानात पुढच्याच कंपनीचं नेमकं ते माप नसतं, ते "उद्या येणार" असतं, आणि उद्या पंढरपूरला जायचं असतं. दुसऱ्या कंपनीचा टायर चढतो. दोन वर्षांनी पुढचा संपतो, तेव्हा मागचा निम्मा झालेला असतो. दोन सख्ख्या भावांचे शर्ट एका ठाणातून एकदाच शिवले जातात, पहिल्या दिवाळीला. पुढे ज्याचा शर्ट फाटेल त्याला नवा, हाच हिशेब असतो. टायरचाही तोच आहे.

आता तो चप्पल-बुटाचा दाखला तपासून बघू. सगळा गोंधळ त्यातूनच झालाय. चप्पल आणि बूट ही जोडी विचित्र दिसते, कारण डावा आणि उजवा पाय शेजारी-शेजारी तेच काम करतात. चारचाकीत हा दाखला खरा आहे. एका एक्सलवर डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरा टायर असेल, तर ब्रेक लावताना एक बाजू जास्त धरते, दुसरी कमी धरते आणि गाडी एका अंगाला ओढते. म्हणून मोटारीत एका एक्सलवरचे दोन्ही टायर एकसारखे घालतात. हा शहाणपणाचा नियम जीपवाल्यांकडून ऐकत ऐकत आपण मोटरसायकलला लावून मोकळे झालो. पण मोटरसायकलच्या प्रत्येक एक्सलवर चाक एकच. त्याने जुळवून घ्यायचं ते स्वतःशी, आणि तेवढं कुणालाही जमतं. पुढचं आणि मागचं चाक यांचं नातं चप्पल-बुटाचं नसून टोपी-चपलेचं आहे. टोपी एका दुकानातली आणि चप्पल दुसऱ्या दुकानातली म्हणून आजवर कुणाला टपरीवर अडवलेलं नाही. उलट टोपी आणि चप्पल एकाच कारखान्याची असेल तर दोन्हीबद्दल शंका घ्यावी. आणि सोलापूरला हे नवीनही नाही. बजाज चेतकच्या जमान्यात प्रत्येक स्कूटरला दोन चाकं आणि एक स्टेपनी, तिन्ही टायर एकाच मापाचे, ३.५०-१०. पंक्चर झालं की स्टेपनी मागे, मागचा स्टेपनीला, संपत आला की पुढचा मागे, अशी संगीत खुर्ची वर्षानुवर्षं चालायची. चार-पाच वर्षांनी कोणता टायर कोणत्या कंपनीचा आणि तो कुठे आहे, हे मालकालाही सांगता यायचं नाही. त्या पिढीने त्याच स्कूटरवरून मुलींची लग्नं जमवली. "असं का बे" हा प्रश्न स्टेपनी गेल्यानंतरचा आहे.

कंपनीच्या नावाचं एवढं सोवळंओवळं पाळायचं तर त्या नावांचं मूळ एकदा बघून घ्यावं. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात, त्यात टायरची भर घालायला हरकत नाही. एमआरएफ म्हणजे मद्रास रबर फॅक्टरी. के. एम. मम्मेन मापिल्लै यांनी १९४६ साली मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला एका शेडमध्ये तिची सुरुवात केली, तेव्हा तिथे बनत होते लहान मुलांचे फुगे. टायर खूप नंतर आले. सीएटची चार अक्षरं तर थेट इटलीतल्या तोरिनो शहरातली. ती ज्या लांबलचक इटालियन नावाची आद्याक्षरं आहेत, त्याचा अर्थ होतो विजेच्या केबली आणि तत्सम वस्तू. भारतात ही कंपनी १९५८ साली आली, १९८२ पासून ती आरपीजी समूहाकडे आहे आणि आज तिचं बिऱ्हाड मुंबईत आहे. तिसऱ्या टायरवर टीव्हीएस लिहिलेलं असेल, तर ती अक्षरं मदुराईकडे बसगाड्या चालवणाऱ्या टी. व्ही. सुंदरम अय्यंगारांची. आणि या सगळ्यांचा मूळपुरुष जॉन बॉइड डनलॉप हा बेलफास्टचा गुरांचा डॉक्टर. मुलाची तीनचाकी सायकल खडबडीत रस्त्यावर फार हादरते म्हणून १८८८ साली त्याने तिच्या चाकांना हवा भरलेल्या रबरी नळ्या बसवल्या. आपण त्याच्या नावाची काय किंमत ठेवली, तर मराठी घरांत डनलॉप म्हणजे गादी. फ्रान्सची मिशेलिन टायर विकता विकता हॉटेलांना तारे वाटते आणि जगातले मोठमोठे आचारी त्या ताऱ्यांसाठी रात्र रात्र जागतात, त्यांना कुणी "टायरवाल्याला चवीतलं काय कळतं बे" असं विचारत नाही. तात्पर्य, पुढे एमआरएफ आणि मागे सीएट म्हणजे घराण्याच्या हिशेबाने पुढे फुगे आणि मागे वायर. दोघांनीही पिढीजात धंदा सोडून रबर धरलंय. अशा दोन घराण्यांत भेद करायला बसलं तर जत्रा संपेल तरी निवाडा व्हायचा नाही.

मैदानातलाही एक पुरावा आहे. विराट कोहलीच्या बॅटवर एमआरएफ आणि रोहित शर्माच्या बॅटवर सीएट, हे पार्क स्टेडियमच्या कंपाउंडला टेकलेल्या कुठल्याही पोराला पाठ असतं. २०२४ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात हे दोघे सलामीला येत होते. म्हणजे खेळपट्टीच्या एका टोकाला एमआरएफ, दुसऱ्या टोकाला सीएट, मध्ये बावीस यार्ड, आणि धाव काढायची तर दोघांनी एकाच वेळी उलट्या दिशांना पळायचं. मोटरसायकलच्या चाकांना निदान एका दिशेने जायचं असतं. कुणी म्हणेल, २९ जूनच्या अंतिम सामन्यात ही जोडी अवघ्या २३ धावांवर फुटली. फुटली ना. एका टोकाची हवा लवकर गेली, तर दुसऱ्या टोकाने ७६ धावा ओढून नेल्या आणि विश्वचषक घरी आला. बॅटीत रबर नसतं, वर नुसता स्टिकर असतो, हाही आक्षेप मान्य. पण टपरीवरचा पंच तरी टायरचं दुसरं काय वाचतो?

खरा पुरावा मात्र लांब जाऊन शोधायला नको, तो सोलापूरकराच्या अंथरुणावर पडलेला असतो. सोलापुरी चादर दोन तऱ्हेच्या सुतांची असते, ताण्याचं आणि बाण्याचं. ताणा बीमवरून ताणलेला, दिवसभर फणीत घासला जाणारा, म्हणून त्याचं सूत पीळदार आणि चिवट लागतं. बाण्याची कांडी धोट्यात बसून इकडून तिकडे पळते, तिचं सूत जरा जाड आणि मऊ चालतं, कारण ऊब आणि भरीवपणा द्यायचं काम तिचं. दोन कामं वेगळी, म्हणून दोन सुतं वेगळी. ताणा आणि बाणा एकाच गिरणीचा पाहिजे, असा हट्ट भवानी पेठेतल्या कुठल्या कारखानदाराने धरला असेल असं वाटत नाही. नंबर बरोबर पाहिजे, हा हट्ट मात्र प्रत्येकाने धरला. गिरणीचं नाव पोत्यावर राहतं, सुताचा नंबर कापडात उतरतो. हेच टायरला लावायचं. ज्या गावाने मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी एकाच वाक्यात विणून दाखवल्या, त्या गावाला हे समजावून सांगावं लागतं, याचं जरा वाईट वाटतं.

टायरचा नंबर कुठे असतो? बाजूच्या भिंतीवर, कंपनीच्या भल्यामोठ्या नावाखाली, बारीक अक्षरांत. घरटी एक असलेल्या स्प्लेंडरचंच उदाहरण घेऊ. अनेक वर्षं या गाडीच्या पुढच्या आणि मागच्या टायरचं माप एकच होतं, २.७५-१८. पावणेतीन इंच रुंदी, अठरा इंचाची रिम. पण त्याच्यापुढे पुढच्या टायरवर असायचं '४२ पी' आणि मागच्या टायरवर '४८ पी'. यातला ४२ म्हणजे १५० किलो आणि ४८ म्हणजे १८० किलो, त्या एका टायरने पेलायचं जास्तीत जास्त वजन. पी म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंतचा वेग. टायरची एवढी तयारी असते, गाडीची नसते, पण तो टायरचा दोष नव्हे. आता बघा, सेम टू सेमच्या नादात एखाद्याने पुढच्याच कंपनीचा, पुढच्याच मापाचा, पुढचाच ४२ नंबरचा टायर मागे चढवला. टपरीवर तो निर्दोष सुटतो. दोन्ही चाकांवर एक नाव, एक नक्षी, बघणारे खूश. पण मागच्या चाकावरची ३० किलोची ताकद गेलेली असते, आणि त्या ३० किलोत पाचवीतलं एक पोरगं दप्तरासकट बसतं. उलट ज्याने मागे दुसऱ्या कंपनीचा ४८ नंबरचा टायर घातला, त्याचं काहीच बिघडलेलं नसतं, आणि खुलासे मात्र तोच देत असतो. नक्षीचंही तसंच. पुढच्या टायरवर बहुधा गोल धावणाऱ्या लांब रेघा असतात, त्यामुळे हँडल सरळ रेषेत राहतं. मागच्यावर तुकड्यातुकड्यांचे ठोकळे असतात, मातीत आणि चिखलात ते ओढ धरतात. म्हणजे कंपनीने स्वतःच पुढचा आणि मागचा वेगळा केलेला असतो, कित्येकदा दोन्हींची नावंही वेगळी ठेवलेली असतात. मोटोजीपीच्या शर्यतीत तर सगळे टायर एकट्या मिशेलिनचे, तरी स्वार पुढे कडक आणि मागे मऊ रबर असा जोड स्वतः निवडतो. त्यात कुणी विसंगती काढत नाही, वर शँपेन उडवतात.

"पण गाडीच्या पुस्तकात लिहिलंय, दोन्ही टायर एकाच कंपनीचे घाला." हा आक्षेप वजनदार आहे, कारण ते पुस्तक वाचलेला माणूस मुळातच दुर्मीळ. त्याला नीट उत्तर दिलं पाहिजे. कंपनीने गाडीची चाचणी ज्या जोडीवर घेतली, तिचीच ती हमी देणार. इतर जोड्या वाईट असतात असं तिचं म्हणणं नसतं, त्या तिने तपासलेल्या नसतात. आणि काही बाबतींत पुस्तकाचं ऐकावंच लागतं, तिथे मी हात जोडतो. पुढे रेडियल आणि मागे साधा बायस टायर ही जोडी टाळायची, दोघांची अंगं वेगवेगळी लवतात आणि वळणावर ते जाणवतं. ताशी सव्वाशे-दीडशेने जाणारी मोठी गाडी असेल, तर टायरच्या गोलाईतला फरकही त्या वेगाला झोल देऊ शकतो, तिथे एकाच कंपनीने जुळवून दिलेली जोडी घेणं शहाणपणाचं. ज्या गाडीच्या दोन्ही चाकांवर एबीएस आहे, तिचा मेंदू दोन्ही चाकांच्या फिरण्याचा हिशेब ठेवत असतो. तिथे माप बदललं की हिशेब चुकतो. कंपनी बदलून तो चुकत नाही, माप बदलून चुकतो, ही गोष्ट दोनदा वाचावी. बाकी राहिली शंभर-सव्वाशे सीसीची रोजची गाडी. सात रस्त्याहून नवी पेठेत जाताना तिचा वेग कोण ठरवतं? पाइपलाइनसाठी खोदलेली चर, मध्येच थांबलेली रिक्षा, आणि रस्त्यात बसलेली गाय. त्यांच्यापैकी कुणीही टायरची कंपनी विचारत नाही. कायदाही विचारत नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुचाकीच्या टायरला निदान ०.८ मिलिमीटर खोलीची खाच पाहिजे, अशी अट आहे. ०.८ मिलिमीटर म्हणजे एटीएम कार्डाच्या जाडीहून किंचित जास्त. खाच त्या कार्डाच्या जाडीवर आली, तर खात्यात पैसे असोत-नसोत, टायरचा बॅलन्स संपलाय.

दुसरा आक्षेप अस्सल सोलापुरी आहे आणि तो मला आवडतो. "चादरीला सोलापूरचंच नाव पाहिजे म्हणून भांडता, तिला २००५ साली जीआयचं भौगोलिक मानांकन मिळवता, पानिपतच्या चादरीवर सोलापूरचा शिक्का दिसला की तुमचं पित्त खवळतं, आणि टायरला मात्र नाव नको?" नाव पाहिजेच की. निनावी टायर घ्या, बोगस घ्या, जुन्यावर रबर चढवलेला घ्या, असं मी कुठे म्हटलं? नाव ही मालाची हमी आहे, ती प्रत्येक टायरला स्वतंत्रपणे असावी. पण खाली सोलापूरची चादर अंथरली म्हणून उशीचा अभ्रा इचलकरंजीचा चालणार नाही, असा जीआयचा अर्थ होत नाही. झोप दोन्हींवर मिळून लागते. दोन चांगली नावं एका गाडीवर नांदू शकतात, माझं म्हणणं एवढंच. एक चांगलं आणि एक भुरटं असेल, तर मी टपरीवरच्या पंचांच्या बाजूने.

आता ज्यांच्यावर खटला भरायला हवा, त्यांच्याकडे वळू. पहिली हवा. सोलापुरात एप्रिल उजाडला, पारा बेचाळिशीच्या वर गेला, की एक सल्ला घरोघर फिरतो, "उन्हाळ्यात हवा कमी ठेव, टायर फुटतोय." हा सल्ला देणारे सगळे वडीलधारे असतात आणि सगळे चुकीचे असतात. उन्हाने हवेचा दाब वाढतो हे खरं, साधारण पाच-सहा अंश तापमानाला एक पाउंड. पण कंपनीने ठरवून दिलेल्या दाबात ही वाढ आधीच धरलेली असते. मुद्दाम हवा कमी ठेवली की टायरची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, जास्त लवते, त्या लवण्याने आतून तापते, आणि डांबर वरून तापवत असतंच. फुटणारा टायर बहुधा हा असतो. म्हणजे फुटू नये म्हणून हवा काढायची आणि हवा काढली म्हणून फुटायचं. वर घरी येऊन सांगायचं, "बघ, म्हणत नव्हतो? टायरच दोन कंपनीचे होते." हवा तपासायची ती सकाळी, चाकं गार असताना. पुढे कमी, मागे जास्त, डबल सीट असेल तर मागे आणखी थोडी. आकडे चेनकव्हरवरच्या स्टिकरवर किंवा त्या न वाचलेल्या पुस्तकात असतात. पंपावर हवा फुकट असते, बहुधा म्हणूनच तिला किंमत नाही. तीच नायट्रोजन म्हणून पैसे घेऊन भरली, की लोक विश्वासाने रांग लावतात. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, हे आठवीच्या पुस्तकात आहे. म्हणजे रांगेतला माणूस पैसे मोजतो ते उरलेल्या २२ टक्क्यांना बाहेर ठेवण्याचे.

दुसरा आरोपी जाडी. कॉलेजच्या गेटसमोर उभ्या असलेल्या गाड्या बघाव्यात. शंभर सीसीची गाडी आणि मागे बुलेटला शोभेल असा टायर, सिंगल हड्डीच्या पैलवानाने दुसऱ्याचा लंगोट मागून आणल्यासारखा. तो स्विंगआर्मला घासतो, चेनकव्हर कापून काढावं लागतं, पिकअप जातं, ॲव्हरेज पडतं, अरुंद रिमवर टायर आवळला जाऊन त्याची गोलाई बिघडते आणि गाडी वळणावर रुसते. पण दोन्ही टायर एका कंपनीचे असतात हो. पंच मान डोलावतात. "एक नंबर दिसती बे!"

तिसरा आरोपी वय, आणि हा सगळ्यांत साळसूद. रबर नुसतं पडून राहिलं तरी म्हातारं होतं, सोलापूरच्या उन्हात तर लवकरच. खाच खोल दिसते, नक्षी ताजी दिसते, पण भिंतीवर सुरकुत्यांसारख्या बारीक भेगा पडलेल्या असतात आणि पहिल्या पावसात रबर रस्ता धरायचं सोडून देतं. गिऱ्हाईक नव्या टायरची परीक्षा करतं ती त्याच्या केसांवरून. ते काटेरी रबरी केस हाताने कुरवाळून म्हणतं, "नवाकोरा आहे." ते केस साच्यातली हवा निघून जायच्या भोकांचे. ते असले म्हणजे टायर चालवलेला नाही एवढंच कळतं, जन्मला कधी ते कळत नाही. चार वर्षं गोडाउनच्या पत्र्याखाली भाजून निघालेल्या टायरलाही केस असतात. जन्मतारीख त्याच्या अंगावरच असते, लांबट चौकटीतल्या चार आकड्यांत. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात, ऐन जूनमध्ये जन्मला. मुलाचं वय शाळेत घालताना सहा महिने पुढे-मागे करता येतं, इथे ती सोय नाही. दूधपिशवीवरची तारीख चष्मा लावून वाचणारी माणसं टायर घेताना कंपनीचं नाव वाचतात आणि पैसे मोजतात.

राहता राहिला दिसण्याचा प्रश्न. गाडी विकताना दोन कंपन्यांचे टायर बघून गिऱ्हाईक भाव पाडतं, हे खरं. पण ते सीट फाटकी बघूनही पाडतं, सायलेन्सरवरचा गंज बघूनही पाडतं, आणि काहीच सापडलं नाही तर एमएच-१३ नंतरच्या नंबराची बेरीज आठ येते म्हणूनही पाडतं. भाव पाडणाऱ्याला उत्तर नसतं, म्हणून त्याच्यासाठी चांगला टायर बदलू नये. टपरीवर पुन्हा कुणी "असं का बे" म्हणालाच, तर त्याच्याच गाडीपाशी त्याला न्यावं आणि त्याच्या टायरची जन्मतारीख वाचायला सांगावी. पहिल्या फेरीत ती सापडणार नाही. बऱ्याच टायरवर ते चार आकडे एकाच बाजूला असतात. गाडीला वळसा घालून पलीकडे जावं, गुडघ्यावर बसावं, आणि ओल्या फडक्याने धूळ पुसून बघावं.